जुन्या संगणकावर नवी विंडोज टाकण्याआधी मराठी मजकुराची तरतूद करा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमला मोफत सुरक्षा अपडेट देणे मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. तेव्हापासून जुना संगणक देऊन नवा घ्या, अशा जाहिरातींना ऊत आला आहे, आणि ज्यांना नवा घेणे परवडत नाही ते ‘कोणाकडून तरी विंडोज ११ टाकून घेऊ’ म्हणून मशीन उचलून दुकानात नेऊन ठेवत आहेत. मी तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्तीचे काम करतो. माझ्याकडे येणारी बहुतेक यंत्रे वाचनालये, पतसंस्था, शाळा, गृहनिर्माण संस्था, वकिलांची कार्यालये आणि छोटे छापखाने यांची असतात. या सर्वांच्या बाबतीत एक गोष्ट सारखीच दिसते. अपग्रेड करताना यंत्राचे नुकसान क्वचितच होते. नुकसान होते ते त्यातल्या मराठी मजकुराचे, आणि तेही बहुधा दोन-चार महिन्यांनी, कोणी जुने इतिवृत्त किंवा जुना अहवाल उघडायला जाते तेव्हा लक्षात येते. म्हणून या विषयावर थोडे सविस्तर लिहीत आहे.

आधी यंत्र पात्र आहे की नाही ते पाहावे. विंडोज ११ साठी ६४-बिट प्रोसेसर, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, यूईएफआय या नव्या पद्धतीचे बायोस (संगणक चालू होताना सर्वांत आधी धावणारा, बोर्डावरचा प्रोग्राम), सिक्युअर बूटची (खात्रीशीर नसलेली प्रणाली सुरू होऊ न देण्याची) सोय आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. प्रोसेसरची अट यापेक्षाही कडक आहे: इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा, आणि एएमडीचा रायझन २००० मालिकेपासून पुढचा. पिढी ओळखणे अवघड नाही. ‘आय ५-७४००’ असे लिहिले असेल तर तो सातव्या पिढीचा, ‘आय ५-८४००’ असेल तर आठव्या, आणि ‘१०४००’ असेल तर दहाव्या पिढीचा. मायक्रोसॉफ्टचा ‘पीसी हेल्थ चेक’ हा मोफत प्रोग्राम चालवला की हे सगळे एका खिडकीत समजते. मात्र त्याने ‘टीपीएम नाही’ असे सांगितले म्हणून लगेच निराश होण्याचे कारण नाही. २०१८-१९ च्या सुमारास दुकानातून असेंबल करून घेतलेल्या अनेक मशीनमध्ये ही सोय प्रोसेसरमध्येच असते, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. इंटेलच्या बोर्डावर ती पीटीटी या नावाने आणि एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने सापडते. ती चालू करणे हे दोन मिनिटांचे काम आहे, आणि तेवढ्यासाठी ‘मदरबोर्ड बदलावा लागेल’ असे कोणी सांगितले तर दुसऱ्या माणसाला विचारावे.

जी यंत्रे खरोखरच अपात्र आहेत, त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, वाढीव सुरक्षा अपडेट देऊ केले आहेत. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती असावी लागते आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. संगणकाची सेटिंग्ज त्या खात्यात साठवायला परवानगी दिली, तर पैसे पडत नाहीत. ती द्यायची नसेल तर ३० डॉलर किंवा तेवढ्या किमतीचे स्थानिक चलन, नाहीतर कंपनीच्या बक्षीस योजनेतले १००० गुण. युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या ग्राहकांना मात्र ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर ही सेटिंग्ज साठवण्याची अट काढून टाकण्यात आली. आपल्याकडच्या ग्राहक संघटनांनी हा विषय त्याच नेटाने हाती घ्यायला हवा होता, असे मला वाटते. चालते-बोलते यंत्र केवळ चिपच्या पिढीवरून मोडीत निघणे ही ग्राहकाच्या हक्काची बाब आहे, ती केवळ तंत्रज्ञांची कुरकुर नव्हे. असो. वर्षभराची ही मुदत पदरात पाडून घेणे आणि त्या काळात पुढील तयारी शांतपणे करणे, हे घाईघाईने फॉरमॅट मारून घेण्यापेक्षा कितीतरी बरे.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे १९९० च्या दशकापासून कितीतरी वर्षे मराठी टंकलेखन युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्व संगणकांवर एकच ठरलेला संकेत देणाऱ्या पद्धतीत, झालेच नाही. श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव, शिवाजी, किरण अशा वेगवेगळ्या फॉन्टमध्ये ते झाले, आणि आजही अनेक छापखान्यांत होते. या फॉन्टची रचना अशी, की संगणकाच्या दृष्टीने साठवलेली असतात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरीचे तुकडे काढून दाखवतो. फॉन्ट गेला की पडद्यावरचे मराठीही गेले, उरतात ती कॉमा, कंस आणि इंग्रजी अक्षरे यांची निरर्थक ओळ. फाइल शाबूत असते, तिचा आकार तोच असतो, ती उघडतेही, फक्त वाचता येत नाही. कोऱ्या डिस्कवर नवी विंडोज टाकणारा तंत्रज्ञ ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘डेस्कटॉप’ इमानेइतबारे कॉपी करून घेतो. सी ड्राइव्हवरच्या विंडोजच्या फोल्डरातले ‘फॉन्ट्स’ हे फोल्डर कॉपी करावे हे त्याच्या मनातही येत नाही, कारण ते विंडोजचे आहे, नव्या विंडोजबरोबर येईलच, असे त्याने गृहीत धरलेले असते. श्रीलिपी किंवा आयएसएमचा फॉन्ट नव्या विंडोजबरोबर येत नाही. म्हणून पहिली पायरी ही, की ते संपूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्यावे, आणि प्रत्येक जुन्या फाइलमध्ये कोणता फॉन्ट वापरला आहे त्याची नोंद साध्या वहीत करून ठेवावी. ‘सुरेख’ म्हटले तरी त्याच्या नावामागे कोणते इंग्रजी उपपद आहे त्यावरून सांकेतिक रचना बदलते, त्यामुळे नाव जसे दिसते तसेच्या तसे उतरवून घ्यावे.

दुसरी पायरी पीडीएफची. संगणक अजून जुन्या अवस्थेत आहे, फॉन्ट जागेवर आहेत, तेव्हाच महत्त्वाची प्रत्येक फाइल उघडून फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ काढून ठेवावी. तिच्यातला मजकूर दुरुस्त करता येणार नाही, शोधताही येणार नाही, परंतु पुढे कोणत्याही संगणकावर ती जशी होती तशी दिसेल आणि छापता येईल. गृहनिर्माण संस्थेची सर्वसाधारण सभेची इतिवृत्ते, शाळेचे अहवाल, वाचनालयाच्या ग्रंथयाद्या, छापखान्याकडे असलेल्या दिवाळी अंकांच्या फाइली यांच्या बाबतीत एवढे जरी केले तरी पुढचा मोठा मनस्ताप टळतो. पाने मांडण्याच्या पेजमेकरसारख्या जुन्या प्रोग्राममधल्या फाइलींना तर हे अधिकच लागू आहे, कारण तो प्रोग्राम नव्या यंत्रावर चालेलच याची खात्री धरता येत नाही.

युनिकोडमध्ये रूपांतर ही तिसरी पायरी, आणि ती सर्वांत वेळखाऊ. रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत, पण एक कळ दाबली आणि काम झाले, असे ते काम नाही. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात: ‘कि’ लिहिताना पहिली वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर, युनिकोडमध्ये हा क्रम उलट असतो. रफाराचेही तसेच, तो जुन्या फॉन्टमध्ये अक्षरानंतर येतो आणि युनिकोडमध्ये अक्षराच्या आधी. साधन हे क्रम बदलून देते, पण ‘दुसऱ्या’, ‘कोऱ्या’, ‘तऱ्हा’ या शब्दांतला आडवा र, जोडाक्षरे आणि मजकुरात मधूनच आलेले इंग्रजी शब्द किंवा आकडे येथे त्याची गाडी हमखास अडते. इंग्रजी नावाचे तर ते बेधडक देवनागरी करून टाकते. म्हणून रूपांतरित मजकूर मूळ पीडीएफशी ताडून पाहणारा माणूस लागतोच, आणि हे काम जुना संगणक चालू असतानाच व्हायला हवे. ज्यांच्याकडे हजारो पाने आहेत त्यांनी सगळ्याच्या मागे लागू नये. ज्या मजकुरात पुढे भर घालायची आहे किंवा शोध घ्यायचा आहे तेवढाच बदलावा, बाकीचा पीडीएफवर भागवावा.

युनिकोडमध्ये लिहिणारेही अगदी निर्धास्त राहू नयेत. अनेकांच्या फाइली ‘मंगल’ फॉन्टमध्ये आहेत. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट ऐच्छिक पुरवणीत गेले आहेत, आणि इंग्रजी विंडोज नव्याने टाकली तर ते आपोआप येत नाहीत. त्यांच्या जागी ‘निर्मला’ दिसतो. मजकूर वाचता येतो, पण ओळी सरकतात, तक्ते फुटतात आणि दोन पानांचे पत्र अडीच पानांचे होते. उपाय सोपा आहे: सेटिंग्जमध्ये जाऊन मराठी भाषा जोडावी, म्हणजे ती देवनागरी पुरवणीही उतरते. त्याच वेळी कीबोर्डही बसवून घ्यावा. गूगलचे विंडोजवर बसवायचे मराठी टंकलेखनाचे साधन अजून कित्येक जुन्या संगणकांवर आहे, पण कंपनीने ते उतरवून घेण्याची सोय केव्हाच बंद केली आहे, त्यामुळे एकदा डिस्क कोरी झाली की ते अधिकृतरीत्या परत मिळत नाही. इंग्रजी अक्षरे दाबून मराठी लिहिण्याची सवय असलेल्यांसाठी विंडोजमध्येच २०१९ पासून ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्ड आहे. अपग्रेडच्या आधीच काही दिवस त्यावर हात बसवून घेतला, तर नंतर ऑफिसातल्या बाईंची पंचाईत होत नाही.

मजकुरानंतर डिस्क. ‘डेटा डी ड्राइव्हमध्ये आहे, काळजी नाही’ हे वाक्य मी जवळपास रोज ऐकतो. सी, डी आणि ई हे बहुतेक मशीनमध्ये एकाच हार्ड डिस्कचे भाग असतात. डिस्क गेली की तिन्ही जातात, आणि विंडोज टाकताना चुकीचा भाग पुसला गेला तरी डी ड्राइव्हला काही वेगळे कुंपण नसते. त्यात एक तांत्रिक मेख आहे. विंडोज ७ च्या काळात डिस्कची मांडणी एमबीआर या जुन्या पद्धतीने होत असे, आणि आपल्याकडचे असेंबलर सी सोडून बाकीचे भाग एका विस्तारित विभागात बसवत. विंडोज ११ ला यूईएफआय हवे आणि यूईएफआयला जीपीटी या नव्या पद्धतीने मांडलेली डिस्क हवी. मायक्रोसॉफ्टचे एमबीआर२जीपीटी हे साधन डेटा न पुसता हे रूपांतर करते, परंतु विस्तारित विभाग असलेली डिस्क ते नाकारते. मग घाईत असलेला तंत्रज्ञ सगळे विभाग पुसून नव्याने डिस्क मांडतो. जे ‘डीमध्ये सुरक्षित’ होते ते तेथेच संपते. तेव्हा बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक प्रत आणि शक्यतो दुसऱ्या जागी आणखी एक प्रत असल्याशिवाय मशीनला कोणाचाही हात लागू देऊ नये. प्रत काढल्यावर तिच्यातल्या चार फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. न उघडणारी प्रत ही प्रत नव्हे.

डिस्क फिरती हार्ड डिस्कच असेल, तर माझे स्पष्ट मत असे की अपग्रेडच्या आधी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवावी आणि रॅम ८ जीबी करावी. कागदावर ४ जीबी पुरते, पण ब्राउझर आणि एक्सेल एकत्र उघडले की यंत्र रडकुंडीला येते. जुनी हार्ड डिस्क ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ या मोफत प्रोग्रामने तपासावी. तिथे ‘कॉशन’ असे पिवळे दिसले, तर आधी प्रत काढावी आणि अपग्रेडचा विचार मग करावा, कारण एवढ्या मोठ्या लिहा-पुशीतच दुबळी डिस्क मान टाकते. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेलही बदलून घ्यावा. तो संपलेला असला की संगणकाची तारीख चुकते हे सगळ्यांना माहीत असते. पण त्याबरोबर बायोसची सेटिंग्ज मूळपदावर जातात, चालू केलेले टीपीएम परत बंद होते, लेगसी बूट (यूईएफआयच्या आधीची सुरू होण्याची जुनी पद्धत) परत येते आणि काल चांगले चालणारे विंडोज ११ आज सुरूच होत नाही. बायोस अपडेट करायचे असेल तर यूपीएसची बॅटरी खरोखर टिकते का ते आधी पाहावे. आमच्या भागात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, आणि बायोस लिहिले जात असताना वीज गेली तर बोर्ड बाद होऊ शकतो.

प्रिंटर, डिजिटल सिग्नेचरचा टोकन आणि श्रीलिपीसारख्या प्रोग्रामचे डोंगल (प्रोग्राम चालण्यासाठी संगणकाला लावून ठेवावी लागणारी परवान्याची किल्ली) यांची यादी आधीच करावी. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे; ज्या जुन्या मशीनवर ३२-बिट विंडोज १० आहे, तिथे वरच्या वर (जुन्या विंडोजवरच, काही न पुसता) अपग्रेड होत नाही, कोरे टाकावे लागते, आणि प्रत्येक उपकरणाचा ६४-बिट ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारा प्रोग्राम) लागतो. तो मिळतो की नाही हे कंपनीच्या संकेतस्थळावर आधी पाहून, उतरवून, पेन ड्राइव्हवर ठेवावा. प्रिंटर चालेना म्हणून पुन्हा विंडोज १० मागायला येणारे ग्राहक थोडे नसतात.

एक सावधगिरी विशेष महत्त्वाची. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, नव्याने विंडोज टाकून मायक्रोसॉफ्टचे खाते जोडले की बऱ्याच यंत्रांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि तिची ४८ अंकी किल्ली त्या खात्यात साठवली जाते. दुकानात वेळ वाचावा म्हणून कोणी स्वतःचाच ई-मेल घालून विंडोज सुरू करून दिली, तर संस्थेच्या सगळ्या कागदपत्रांची किल्ली त्या माणसाच्या खात्यात जाते. पुढे बायोस बदलले की संगणक ती मागतो, आणि तोवर तो माणूस दुकान सोडून पुण्याला गेलेला असतो. खाते संस्थेचेच असावे, आणि किल्ली छापून दप्तरात लावावी. डिस्क आधीपासून कुलूपबंद असेल, तर बायोसला हात लावण्यापूर्वी ते कुलूप तात्पुरते स्थगित करावे.

अपात्र यंत्रावर अटी चुकवून विंडोज ११ टाकता येते, हे खरे आहे, आणि बरेच जण टाकून देतात. मी संस्थांना तसे करून देत नाही. मायक्रोसॉफ्ट अशा यंत्रांना अपडेटची हमी देत नाही, आणि २४एच२ नंतर कोअर टू ड्युओसारख्या फार जुन्या प्रोसेसरवर तर ते सुरूच होत नाही. ज्यांचे काम ब्राउझर, पत्रे आणि हिशेबाच्या तक्त्यांपुरते आहे त्यांनी लिनक्स या मोफत मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमचा विचार जरूर करावा. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षे लिनक्सवर चालतात, लिनक्स मिंट या तिच्या एका प्रकाराची २२ ही आवृत्ती २०२९ पर्यंत अपडेट घेत राहील, आणि युनिकोड मराठी तिथे व्यवस्थित दिसते. मात्र श्रीलिपीत काम करणाऱ्या छापखान्याने त्या वाटेला जाऊ नये.

आपल्या दैनिकाने तंत्रज्ञानाच्या सदरात या पूर्वतयारीची माहिती, विशेषतः जुन्या मराठी फॉन्टची, क्रमशः द्यावी अशी विनंती आहे. तालुका पातळीवरच्या ग्रंथालय संघांनीही एखादी रविवारची सकाळ त्यासाठी काढली तर अनेक वाचनालयांच्या ग्रंथयाद्या वाचतील. ज्यांनी आधीच अपग्रेड करून घेतले आहे त्यांच्यासाठी एवढेच: वरच्या वर अपग्रेड केले असेल तर जुनी विंडोज ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरात १० दिवस राहते आणि त्या मुदतीत मागे फिरता येते. त्या १० दिवसांत सर्वांत जुनी मराठी फाइल उघडून तिची एक छापील प्रत काढावी, टोकन लावून एखादा कागद सही करून पाहावा, आणि तोपर्यंत जागा मोकळी करण्याच्या नादात ते फोल्डर पुसू नये.

आपला नम्र,
एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक
(नाव व पत्ता कृपया प्रसिद्ध करू नये.)